कावेरीचं बारसं

"पोरगी हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे की."

थोरले भावजी उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता हे बोलले. बाजारात वांगं उचलावं, दाबून बघावं आणि परत ढिगावर टाकावं, तसं. मी आतल्या खोलीत बाजेवर होते. बाजेखाली शेगडी, कुशीत लेक, कानाला घट्ट बांधलेलं फडकं. बाळंतिणीच्या कानात वारा जाऊ नये म्हणून बांधतात ते फडकं. वारा आत गेला नाही, शब्द मात्र गेला.

"मला कुणी कळवलं न्हाई," भावजी पुढं म्हणाले. "मी तिकडनं चांदीचा करदोडा घडवून आणला. आता तो काय पोरीला बांधू?"

"पोरगी म्हणून सांगावा धाडला असता तर आला असतास का तू?" आत्याबाईंचा आवाज. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"तेच म्हणतोय. कुठनं कुठं परवास केला मी!"

"अरं, हात-पाय धू. च्या घे. बघू मग."

"बघायचं काय त्यात? उद्या नुसतं बारसं करा. पुढचं मूल झालं की बघू."

आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की आमचे हे ती सांगायला बसले म्हणजे स्वतःला फार शहाणं करून सांगतात. मी म्हणते, "तुम्ही त्या दिवशी तोंडातनं ब्र काढला न्हाईत." हे म्हणतात, "काढायची गरजच पडली न्हाई." मग आमचं जुंपतं. म्हणून आज मी एकटीच सांगते. हे बाहेर ओट्यावर बसलेत. चुकलं तर ओरडतीलच.

आमच्या माणदेशाकडची माणसं गलाईच्या धंद्याला लांब लांब जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची. सराफांच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा ही माणसं पोत्यात भरून नेतात, धुतात, जाळतात आणि तिच्यातनं सोन्याचा कण काढतात. थोरले भावजी, विष्णू त्यांचं नाव, असेच कोइमतूरला गेलेले. दुकान चांगलं चाललं, घर बांधलं. पण घरात पाळणा नव्हता. आमचे हे, सदाशिव, धाकटे. ते गावातच राहिले आणि घराच्या पडवीत पिठाची गिरणी चालवत राहिले. आम्हांला पहिला मुलगा झाला. तो पळायला लागला, आणि एका दसऱ्याला भावजी घरी आले असताना आत्याबाईंनी जेवणाच्या पंगतीत शब्द दिला.

"सदाचं दुसरं मूल वत्सलेच्या ओटीत."

वत्सला म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. पंगतीत सगळे 'वा, वा' म्हणाले. ह्यांनी ताटाकडं बघत मान हलवली. मी पुरणपोळी वाढत होते. माझ्या हातात तुपाची वाटी होती, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते तेव्हा माझ्या पोटात आलंही नव्हतं. न आलेल्या लेकराची वाटणी झाली. तूप कुणाच्या पानात किती पडलं ते मला आठवत नाही.

पुढं दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळं अक्का कोइमतूरहून सातव्या महिन्यातच येऊन राहिली. येताना तिनं दुपटी आणली, कुंच्या आणल्या, मऊ धुवट धोतरांची लंगोटं शिवून आणली. माझे पाय सुजले की ती पाय चेपायची. मला डोहाळे लागले की रानातनं चिंचेचा कोवळा पाला आणायची. आणि मी तिच्याशी भिंतीकडं बघून बोलायची. जिला माझं लेकरू न्यायचं होतं, तिच्याच हातचं खाऊन मी ते पोसत होते. असला घास गिळायला किती वेळ लागतो, ते गिळणारीलाच ठाऊक.

कसं न्यायचं तेही ठरलं होतं. बारशाला दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. एक म्हणते, घ्या, दुसरी म्हणते, द्या. मूल पाळण्याच्या खालून जातं आणि वरून परत येतं. असं तीनदा. तिसऱ्या फेरीला अक्कानं मूल परत द्यायचं नाही, पदरात ठेवायचं. झालं दत्तक. आत्याबाईंनीच काढलेली युक्ती. कागद नको, भटजी नको.

मी मनात काय ठरवलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता भावजी म्हणत होते, राहू दे की. म्हणजे मला जे हवं होतं तेच झालं होतं. लेक माझ्याजवळ राहणार होती. मी हरखायला पाहिजे होतं. त्याऐवजी माझ्या अंगाची अशी लाही झाली, की शेगडीतले निखारे गार वाटावेत.

*

दुपारी अक्का तेलाची वाटी घेऊन खोलीत आली. पाय लांब करून बसली, पोरीला मांडीवर उताणी घेतली आणि छातीला तेल चोळायला लागली. रोजचंच. पण रोज ती तोंडानं काहीबाही गुणगुणायची, आज गप्प होती.

"अक्का, डोळं लाल का?"

"धूर लागला."

"चूल तर कवाची इझलीया."

पोरगी पाय झाडत होती. अक्कानं ते पाय एका हातात धरले, तळव्यांना तेल लावलं.

मग मीच बोलले. "अक्का, खरं सांगते. मी उद्या न्हाई म्हणणार होते. भर बारशात. तिसऱ्या फेरीला पोर सोडणारच नव्हते हातातनं."

"मला ठाव हाय."

"कसं काय?"

"मांजर पिल्लं हलवायच्या आधी अशीच बघती, भित्तीकडं. तू तीन महिनं तशी बघत हुतीस."

मला हसू फुटलं. टाके ओढले, तरी हसले. "मग तुम्ही काय करणार होता?"

"म्या? म्या वढूनच न्हेली असती." अक्काही हसली. "दोघी जावा पाळण्याभवती झोंबलो असतो. गावाला वरीसभर पुरलं असतं."

हसता हसता तिचा हात थांबला. "आता त्येबी न्हाई. तुझी तुला ऱ्हायली. मी परवा गाडीत बसनार."

"तुम्हाला ही पायजे का, अक्का?"

"मला कोन इचारतंय?"

"मी इचारतीया."

तिनं पोरीला पालथी केली. पाठीवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेवंते, मुलगा का मुलगी, असलं कवा मनात आलंच न्हाई बघ. दूध पिल्यावर लेकरू ढेकर देतंय न्हवं, आपल्या खांद्यावर? तेवढंच यायचं मनात. खांद्याला त्यो इवलासा धक्का. कोइमतुरात नुसती बसल्या बसल्या मी खांद्यावर हात ठेवायची."

मी हात लांब करून पोरीची इवली टाच धरली.

"नाव काय ठेवनार हायसा?" तिनं विचारलं.

"हौसावन्सं सुमन म्हणतायत." हौसावन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई.

"चांगलं हाय. मी आपली मनातल्या मनात हिला कावेरी म्हनती. तिकडं हाय न्हवं ती नदी. बायका तिच्या काठाला जात्यात, पाण्यात हळदीकुंकू सोडत्यात. मीबी जायची. नदीची ओटी भरायची. म्हनायची, बाई, तुजी मी भरली, माजी तू भर." तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळली आणि माझ्या कुशीत सरकवली. "धर. झोप आलीया तिला."

*

माझ्या खोलीला एक झरोका होता, तो पडवीतल्या गिरणीत उघडायचा. दिवस मावळायला गिरणीची फुकफुक थांबली. मी झरोक्याला तोंड लावलं.

"ऐकलं का?"

"ऐकलं." ह्यांचा आवाज पिठातनं आल्यासारखा.

"मग?"

"पट्टा सैल झालाय. बघतोय."

"गेला चुलीत तुमचा पट्टा! उद्या पाळण्यापुढं माझ्याकडनं शब्द घेणार हायत. आत्याबाई आणि भावजी ओट्यावर बोलत होते, मी ऐकलंय. पुढचं पोरगं त्यांचं, म्हणून. आणि पुढचीबी पोरगीच झाली तर? मग त्याच्या पुढचं? आणि पोरगी झाली की ती माझ्याकडं टाकायची, आणि पोरगा झाला की उचलून न्यायचा? मी काय तुमची गिरणी हाय व्हय? कुणीबी यावं, डबा ठेवावा आणि सांगून जावं, बारीक दळ म्हणून?"

हे झरोक्याजवळ आले. पापण्यांवर पीठ होतं. हा माणूस तसा मुखदुर्बळ. दिवसभर गिरणीच्या आवाजात काम करणाऱ्याला बोलायची सवयच राहत नाही, कारण ऐकणार कोण? सगळा गाव त्यांना 'मुका सदा' म्हणायचा. पीठ मात्र सगळा गाव त्यांच्याकडंच दळायचा.

"तू शब्द देऊ नगंस," हे म्हणाले.

"मी न्हाईच देणार. तुम्ही काय करणार, ते सांगा."

"मला आईम्होरं बोलता येत न्हाई, शेवंते. दादाम्होरं तर न्हाईच. तुला ठाव हाय."

"मग येतंय काय तुम्हाला?"

ह्यांनी पापण्यांवरचं पीठ पुसलं. "बघतो," म्हणाले.

ओट्यावरनं आत्ता आवाज आला: "असं म्हटलो नव्हतो मी. मी म्हटलो, 'बघतो उद्या'." घ्या. उद्या काय नि आज काय, बघण्यापलीकडं शब्द गेला नव्हता एवढं खरं.

सकाळी उठले तर हे घरात नव्हते. सायकलही नव्हती. गिरणीला कुलूप. आत्याबाईंनी शेजारीपाजारी विचारलं. कुणी म्हणालं, उजाडतानाच चौकाकडं जाताना दिसला. लेकीच्या बारशाला बाप गायब. मी दात आवळले. म्हटलं, पळाले. लढाई माझ्यावर टाकून गडी पळाला.

*

उन्हं कलताना बाहेरच्या सोप्यात पाळणा बांधला. सोजरकाकूनं दोरीला कडुलिंबाचा डहाळा अडकवला. सोजरकाकू शेजारची, गावातल्या सगळ्या बारशांना गाणारी. दोन्ही बाजूंना बायका दाटीवाटीनं बसल्या, परातीत घुगऱ्या, कोपऱ्यात नवी टोपडी, बाळलेणी. भावजी दारातल्या खुर्चीत. मला हिरवं लुगडं नेसवलं. कंबर बांधलेली, टाके ओले. पण मी उभी राहिले. बसून बोलायचं बोलणं नव्हतं ते.

सोजरकाकूला अडचण पडली. पाळणे तिला पुष्कळ येत होते, पण ते सगळे देवांचे, राजांचे, म्हणजे बाप्यांचेच. पोरीचा पाळणा म्हणून वेगळा तिच्याजवळ नव्हता. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते म्हणायला लागली. जात्यावर बसणाऱ्या बाईला गाण्याची ददात नसते.

लेक जन्मली गं बाई, कुणी साखर वाटंना,
उसाच्या कांडीला गं, त्याची उणीव वाटंना.

बायकांनी ओळ उचलली. भावजींनी खुर्ची करकरवली.

पहिली फेरी झाली. "घ्या," मी म्हटलं आणि पोरगी पाळण्याखालून दिली. "द्या," म्हणत अक्कानं घेतली आणि वरून परत दिली. दुसरी झाली. पोरगी टकामका बघत होती. आपल्याला कोण कुठं नेतंय याचं तिला काही सोयरसुतक नव्हतं. तिसरीसाठी मी वाकणार, तेवढ्यात आत्याबाईंनी हात आडवा घातला.

"थांबा. तिसरी फेरी मोकळी जाया नगं. शेवंते, पाळण्याच्या दोरीला हात लाव."

"कशाला?"

"हात लाव, आन् पाच सवाशिणींम्होरं म्हन, पुढला मुलगा वत्सलेच्या ओटीत."

घुगऱ्या चावणाऱ्या तोंडांत घुगऱ्या तशाच राहिल्या. मी पोरीला छातीशी धरलं आणि दोरीला हात लावला. आत्याबाईंचा चेहरा खुलला.

"पुढला न्हाईच, आत्याबाई," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"म्हंजी ह्यो पाळणा हलला, ह्यो शेवटचा. माझी दोन झाली. तिसरं मी करणार न्हाई. ना माझ्यासाठी, ना कुणाच्या ओटीसाठी."

"आत्ता गं बया! आन् हे ठरवनारी तू कोन?"

"पोट माझं हाय, म्हणून मीच."

एक म्हातारी "अगं अगं" करायला लागली. हौसावन्संनी माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला.

भावजी उठले. "शब्द दिलाय ह्या घरानं मला. शब्द मोडनार?"

"शब्द दिला तेव्हा मला कुणी इचारलं नव्हतं, भावजी. तरी मी नऊ महिने तो पोटात वागवला. दुसरं मूल, असाच शब्द होता ना? हे बघा दुसरं मूल. धडधाकट. तुम्हाला नको झालं. माल परत केलात, आता त्याच्या बदली दुसरा माल मागू नका. शब्द फिटला."

"माल म्हनती पोटच्या पोरीला!"

"तुम्ही वांग्यासारखी दाबून बघितलीत, ते चाललं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भावजींचा चेहरा तांबडा झाला. "सदा कुठं हाय? आँ? बायकूनं भर बारशात थोरल्या दिराला बोलायचं, आन् नवरा लपून बसलाय! बांगड्या भर म्हनावं त्याला."

हे मात्र मला लागलं, कारण सकाळपासनं मलाही तेच वाटत होतं. मला वाटलं, आता मोडेन. टाक्यांच्या ठिकाणी ठणका लागला होता. कोण होतं माझ्या बाजूनं? हातातली बारा दिवसांची पोरगी.

तेवढ्यात दारात डेअरीचा टेम्पो थांबला. दूधवाल्याच्या खांद्याला धरून हे उतरले. सायकल टेम्पोत मागं, कॅनांच्या मधे. पाय फाकवून, जपून जपून, नुकतं चालायला शिकलेल्या पोरासारखे चालत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"कुठं तडमडला हुतास?" आत्याबाई कडाडल्या. "आन् असा का चालतुयास? पडलास व्हय?"

"न्हाई, आई."

"मग?"

"तालुक्याला गेलतो. सरकारी दवाखान्यात आज शिबिर हुतं."

"कसलं शिबिर?"

दूधवालाच म्हणाला, "नसबंदीचं, आज्जे. आपल्या गावातनं ह्यो एकटाच हुता."

सोप्यात जे झालं ते मला सांगता येणार नाही. आणीबाणीत या नावाच्या भीतीनं बाप्ये माणसं ज्वारीच्या रानात लपून बसली होती. बाई ऑपरेशन करायची, बाप्या नाही. आणि हा मुका सदा स्वतःच्या पायानं, स्वतःच्या सायकलीवरनं गेला होता.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अरं माझ्या कर्मा! पुरुषासारखा पुरुष, आन् सोताच्या हातानं... आता तुझ्यात ऱ्हायलं काय रं?"

"आई," हे म्हणाले, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला सांगावं तसं, "पट्टा काढला म्हनून इंजिनाची ताकद जात न्हाई. नुसतं दळण बंद."

आधी सोजरकाकू हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्या बायका, पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या अंगावर पडत. हौसावन्सं तर भिंतीला टेकून खालीच बसल्या. मीही हसले, पोट धरून, ठणकत.

भावजी मात्र हसले नाहीत. "हे बायकूनं करायचं असतंय, येड्या!"

"तिनं दोन बाळंतपणं केली, दादा. येवढं एक मी केलं." ह्यांनी दादाच्या डोळ्यांत बघितलं. जन्मात पहिल्यांदा बघितलं असावं. "आता शब्द कुनी मागू नगा. द्यायला माझ्याकडं काय न्हाई."

ओट्यावरनं कुणी ओरडत नाही या जागेला. इथं ते नेहमी गप्प बसतात.

*

"अगं, तिसरी फेरी ऱ्हायली की," सोजरकाकू डोळे पुसत म्हणाली. "तुमची भांडणं नंतर करा. लेकराला अर्ध्यात ठेवू नगा."

मी वाकले. "घ्या," म्हटलं आणि पोरगी पाळण्याखालून दिली.

"द्या," अक्का म्हणाली. पोरगी घेतली. आणि तशीच उभी राहिली.

तिनं पोरीला पदराखाली घेतलं. एक हात डोक्याखाली, एक हात कमरेखाली. पाळण्याच्या पलीकडनं ती माझ्याकडं बघत होती. मी हात पुढं केलेले, ते तसेच. काल ती हसत हसत म्हणाली होती, ओढून नेली असती.

"दे तिची तिला," भावजी म्हणाले. "आन् चल, बॅग भर. ह्या घरात आता आपलं काय न्हाई."

"देनार न्हाई," अक्का म्हणाली.

"वत्सले!"

"ही मी परत देनार न्हाई." तिनं पोरीवरचा पदर सारखा केला. "आन् घिऊनबी जानार न्हाई. मी हितंच ऱ्हानार. हिच्यापाशी."

"डोस्कं फिरलं का तुजं? लोकं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू द्यात. धनी, तुमी सराफकट्ट्यावरची धूळ पोत्यानं भरून आनता. धुता, जाळता, आन् त्यात कणभर सोनं घावलं तर रातभर खुशीत असता. मी बघितलंय. आन् हे हातात आयतं आलेलं, जिवंत, ऊन ऊन लेकरू, ह्येला तुमी धूळ म्हनून टाकता? कसले पारखी तुमी?"

चौदा-पंधरा वर्षांच्या संसारात ही बाई एवढं सलग कधी बोलली नव्हती म्हणे.

"तुमाला वारस पायजे हुता," अक्का म्हणाली. "मला लेकरू पायजे हुतं. दोन्ही एकच म्हनून आजवर मी गप बसली. एक न्हाईत ती."

"मग बस हितंच. मी येनार न्हाई न्यायला."

"नगा येऊ न्यायला. भेटायला या. करदोडा ठिवून जावा. हिच्या कमरेला मी बांधीन."

भावजी निघाले. उंबऱ्यात थबकले. हात खिशाकडं गेला, तसाच मागं आला. करदोडा त्यांनी ठेवला नाही. चपला घालताना एक पाय दुसऱ्याच चपलेत गेला, तो काढून पुन्हा घातला, आणि चौकाकडं चालू लागले. आत्याबाई त्यांच्यामागं गेल्या, उंबऱ्यापर्यंत. तिथंच बसल्या, आमच्याकडं पाठ करून.

आणि मग पोरगी रडायला लागली. सगळ्या जिवानिशी, मुठी आवळून, लालबुंद होऊन. अक्का तिला थोपटायला लागली, हलवायला लागली. पोरगी ऐकेना. अक्काच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "काय झालं गं, बाई? काय झालं?" एवढंच ती म्हणत होती.

"अक्का," मी म्हटलं, "भूक लागलीया तिला. इकडं आणा. पाजते, मग घ्या परत."

अक्कानं पोरगी पाळण्यावरनं माझ्या हातात दिली. मी तिथंच, पाळण्याशेजारी, भर बायकांत खाली बसले आणि पदर घेतला. हौसावन्सं उठून आल्या. आत्याचा मान त्यांचा. त्या पोरीच्या कानाशी वाकल्या आणि मग मान वर करून अक्काकडं बघितलं.

"वैनी, काय सांगू हिच्या कानात?"

अक्कानं नाव सांगितलं. हौसावन्संनी ते पोरीच्या कानात सांगितलं. दूध पिता पिता पोरीनं ते ऐकलं असावं.

पोट भरल्यावर मी उठले. पाळण्याच्या अलीकडं मी, पलीकडं अक्का. भिंतीला टेकून हे. मी पुन्हा वाकले.

"घ्या, अक्का."

"अगं, अगं," सोजरकाकू म्हणाली, "फेऱ्या झाल्या की तीन. तीनच असत्यात."

"असतील," मी म्हटलं आणि कावेरीला पाळण्याखालनं पलीकडं दिलं. "आमच्यात चार."

पलीकडं अक्कानं तिला उचललं आणि खांद्यावर घेतलं, ढेकर काढायला.